हाक कोणाची आणि काम कोणाचे?



शाळा सुरू झाली की शिक्षकांच्या खोलीत कामवाटपाचा तक्ता लागतो. डावीकडच्या रकान्यात कामे लिहिलेली असतात. तासाची घंटा, प्रार्थना, प्रयोगशाळेची किल्ली, परीक्षेचे पर्यवेक्षण वगैरे. उजवीकडचा रकाना मोकळा असतो आणि त्यात नावे भरली जातात. कामे बहुतेक शाळांतून सारखीच असतात, माणसे मात्र प्रत्येक शाळेत निराळी. तक्ता एकदा भरला की मुख्याध्यापकांना माणूस शोधत हिंडावे लागत नाही. वेळ झाली की तक्ता पाहायचा आणि ज्याचे नाव असेल त्याला हाक मारायची.

संगणकाच्या पोटातही असाच एक तक्ता असतो. संगणक बिनतारी जाळ्याशी, म्हणजे वाय-फायशी, जोडताना तो उपयोगी पडतो. त्यातल्या डाव्या रकान्यातील नावे कशी ठरतात, आणि प्रत्येक नावाखाली टीप का लिहावी लागते, ते या लेखात पाहू. विषय संगणकाचा असला तरी त्यात पदार्थविज्ञान बरेच आहे. मी तोच विषय शिकवतो, तेव्हा ते येणारच.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. वाय-फायची चिप निरनिराळे कारखाने बनवतात. एका चिपमध्ये वाहिनी बदलण्यासाठी जो आकडा ज्या खणात टाकावा लागतो तो दुसऱ्या चिपमध्ये चालत नाही. चिपच्या या खास सवयी ज्या आज्ञावलीला ठाऊक असतात तिला ड्रायव्हर म्हणतात. परंतु वाय-फायचे पुष्कळसे काम सर्व चिपांना सारखे आहे. जवळपासची जाळी हुडकणे, परवलीचा शब्द पटवून घेणे, आलेल्या फ्रेमा (म्हणजे माहितीची बांधलेली पुडकी) क्रमाने लावणे, हे सर्व ८०२.११ या प्रमाणपत्रकात ठरवून दिलेले आहे. प्रत्येक ड्रायव्हरने ते पुन्हा पुन्हा लिहिणे म्हणजे प्रत्येक शाळेने आपले निराळे पंचांग काढण्यासारखे होईल.

लिनस टोरवाल्ड्झ यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स या संगणक-प्रणालीत २००७ साली, २.६.२२ या आवृत्तीपासून, हे समान काम करणारा एक भाग आला. त्याचे नाव मॅक८०२११. डिव्हाइसस्केप नावाच्या कंपनीने आपली आज्ञावली खुली केली होती, तिच्यावर अनेकांनी काम करून तो तयार झाला. आपल्या गोष्टीतील मुख्याध्यापक तो हाच. तक्ता त्याने छापला आहे. अ‍ॅथ९के, बी४३ असे ड्रायव्हर येऊन उजवा रकाना भरून देतात.

आता फंक्शन आणि कॉलबॅक. फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट. नाव घेतले की त्या आज्ञा क्रमाने पार पडतात. सी भाषेत प्रत्येक फंक्शनला संगणकाच्या स्मृतीत एक पत्ता असतो आणि तो पत्ता एखाद्या संख्येप्रमाणे दुसऱ्याला देऊन ठेवता येतो. ड्रायव्हर हेच करतो. “फ्रेम पाठवायची वेळ आली की या पत्त्यावर हाक मार,” असे सांगून तो आपल्या फंक्शनचा पत्ता मॅक८०२११ च्या तक्त्यात लिहितो आणि गप्प बसतो. पुढे केव्हातरी तिकडून हाक येते. या उलट दिशेने येणाऱ्या हाकेमुळे अशा फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. शिंप्याकडे कपडा टाकून आपला पत्ता ठेवून यावा, आणि कपडा झाल्यावर त्याचा निरोप यावा, तसे हे आहे.

तक्त्यातील डावी नावे छोटी आहेत. स्टार्ट, स्टॉप, कॉन्फिग, अ‍ॅड_इंटरफेस, रिमूव्ह_इंटरफेस, एचडब्ल्यू_स्कॅन अशी. सर्वांत छोटे टीएक्स, म्हणजे प्रक्षेपण. रेडिओचे काम करणाऱ्यांत हा संक्षेप फार जुना आहे. उजवीकडे ड्रायव्हर लिहितो ती नावे जरा लांब असतात. अ‍ॅथ९के आपल्या फंक्शनला अ‍ॅथ९के_टीएक्स म्हणतो. बी४३ चे नाव बी४३_ओपी_टीएक्स. आरटी२एक्स००मॅक_टीएक्स असेही एक आहे. रचना सर्वांची एकच. आधी घराण्याचे नाव, मग कामाचे, आणि कामाचे नाव तक्त्यातील शब्दाशी अक्षरशः जुळणारे.

याचा उपयोग संकटकाळी कळतो. कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, काही बिघडले की संगणक त्या क्षणी कोणते फंक्शन चालू होते, त्याला कोणी हाक मारली होती, त्या हाक मारणाऱ्याला कोणी, अशी नावांची उतरंड पडद्यावर छापतो. तेथे अ‍ॅथ९के_स्टॉप असे दिसले तर हजारो मैलांवर बसलेल्या आणि तो संगणक कधीही न पाहिलेल्या माणसाला कळते की अ‍ॅथ९के ड्रायव्हर बंद होत असताना घोटाळा झाला. नुसते स्टॉप किंवा ‘काम२’ असे नाव असते तर त्या उतरंडीचा काडीइतका उपयोग झाला नसता. लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमांतही हाच भेद केलेला आहे. फंक्शनच्या आत दोनचार ओळींपुरत्या वापरायच्या संख्येला ‘आय’ म्हटले तरी चालते, पण जे नाव साऱ्या गावात फिरणार आहे ते स्वतःचा अर्थ सांगणारे हवे. घरात बाळ्या म्हणून हाक मारतात, शाळेच्या पटावर पूर्ण नाव लागते, तसाच हा प्रकार.

नाव चांगले असले म्हणजे सगळे झाले असे मात्र नाही. स्टार्ट आणि स्टॉप हीच जोडी घ्या. इतकी सोपी नावे की कोणाला टीप वाचावीशी वाटणार नाही. पण कशाचा स्टार्ट? एकाच चिपवर एकाच वेळी दोन इंटरफेस चालू असू शकतात. एका बाजूने संगणक घरच्या वाय-फायला जोडलेला आहे आणि दुसऱ्या बाजूने तो स्वतःच शेजारच्या फोनला जाळे पुरवतो आहे, असे समजा. आता पहिला इंटरफेस बंद केला तर स्टॉपची हाक येईल का? नावावरून काहीच कळत नाही. टीप सांगते की स्टार्टची हाक पहिला इंटरफेस चालू होण्यापूर्वी येते, आणि स्टॉपची हाक शेवटचा बंद झाल्यानंतर. मधल्या येण्याजाण्यासाठी अ‍ॅड_इंटरफेस व रिमूव्ह_इंटरफेस ही निराळी कॉलबॅक आहेत. ज्याने टीप न वाचता रिमूव्ह_इंटरफेसमध्येच चिपची वीज तोडली, त्याच्या ड्रायव्हरवर शेजारचा फोन बिचारा उगीच तुटेल.

स्टार्टच्या टिपेत आणखी एक चमत्कारिक वाटणारे कलम आहे. चिप चालू करा, ऐकायला लावा, पण तिला अजून पत्ता देऊ नका, असे ते म्हणते. हे का, ते समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागेल. ८०२.११ मध्ये आपल्या नावाची फ्रेम नीट पोहोचली की लगेच पोच द्यावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात फ्रेम संपल्यापासून पोच सुरू होईपर्यंतचे अंतर १० मायक्रोसेकंद आहे. एवढ्या वेळात प्रकाश अवघे ३ किलोमीटर जातो. आज्ञावलीने फ्रेम वाचावी, विचार करावा आणि मग पोच पाठवावी, इतकी सवड येथे नाही. म्हणून पोच देण्याचे काम चिप स्वतःच करते, कोणालाही न विचारता. तिला आधीच पत्ता देऊन ठेवला तर कोणताही इंटरफेस तयार नसताना ती फ्रेमांना “पोहोचले, पोहोचले” म्हणत राहील. पाठवणारा निर्धास्त होईल आणि फ्रेम घेणारा मात्र कोणीच नसेल. एवढा सगळा विचार टिपेच्या एका वाक्यात आहे.

आता या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाच्या शेऱ्याकडे वळू. बहुतेक टिपांच्या शेवटी दोनतीन शब्द असतात. काही ठिकाणी “झोपले तरी चालेल”, काही ठिकाणी “अखंड असावे”. झोपणे म्हणजे येथे थांबून वाट पाहणे. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्याचे काम करतो. अखंड म्हणजे एकदा सुरू केले की वाट पाहत थांबायचे नाही, काम झटपट संपवून परत फिरायचे.

परीक्षेचे उदाहरण घेऊ. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणायला गेलेल्या गुरुजींना कार्यालयात दहा मिनिटे बाकावर बसावे लागले तरी बिघडत नाही. पण वर्गात पर्यवेक्षण करणाऱ्या बाईंनी “पुरवण्या संपल्या, मी घेऊन येते, तोवर थांबा” असे म्हणून खोली सोडली तर? त्यांच्या जागी दुसरे कोणी नाही आणि वर्ग त्यांच्यावर अवलंबून आहे. कर्नेलमध्येही काही हाका अशा क्षणी येतात की हाक मारणाऱ्याने एखादे कुलूप हातात धरलेले असते, किंवा चिपने दिलेल्या इशाऱ्यामुळे चालू काम अर्धवट थांबवलेले असते. अशा हाकेत ड्रायव्हर झोपला तर कुलूप उघडायचे राहते. दुसरा प्रोसेसर त्याच कुलपासाठी जागच्या जागी घिरट्या घालतो आणि कधीकधी सारा संगणक गोठतो. नशीब चांगले असेल तर आधी पडद्यावर “शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक” अशी बोंब उमटते.

टीएक्स हे अखंड गटातले आहे. दीड हजार बाइटांची फ्रेम म्हणजे १२,००० बिट. दर सेकंदाला ५.४ कोटी बिट या वेगाने ती हवेत जायला सुमारे २२२ मायक्रोसेकंद लागतात. (फ्रेमच्या आधीचा सुरुवातीचा इशारा येथे धरलेला नाही; विद्यार्थ्यांनी भागाकार स्वतः करून पाहावा.) म्हणजे सेकंदाला हजारो वेळा ही हाक येऊ शकते. तेथे वाट पाहत बसणे परवडणारच नाही. उलट स्टार्टची हाक क्वचित येते. चिपमध्ये तिची स्वतःची आज्ञावली भरायची, ती जागी होईपर्यंत थांबायचे, यासाठी सवड हवीच. म्हणून स्टार्टला झोपण्याची मुभा आहे.

एका नावाची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. जाळ्यातील प्रत्येक सहभागी उपकरणाला ८०२.११ च्या भाषेत स्टेशन म्हणतात. नवे स्टेशन आले किंवा जुने गेले की ड्रायव्हरला कळवण्यासाठी पूर्वी एसटीए_नोटिफाय हे एकच कॉलबॅक होते. नोटिफाय म्हणजे नुसते कळवणे. नोटीस फळ्यावर लागली की “मला मंजूर नाही” असे कोणी म्हणू शकत नाही, तसाच येथेही ड्रायव्हरला नकार देण्याचा मार्ग नव्हता. शिवाय हे कॉलबॅक अखंड असायला हवे होते. पण स्टेशनांची यादी पुष्कळ चिपा स्वतःच्या पोटात ठेवतात आणि त्या यादीत जागा मर्यादित असते. जागा नसेल तर नकार द्यायलाच हवा. यूएसबीने जोडलेल्या चिपेला तर नोंद कळवून तिच्या उत्तराची वाट पाहणे भाग असते, कारण यूएसबीचा हाय-स्पीड कारभारच १२५ मायक्रोसेकंदांच्या हप्त्याहप्त्याने चालतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना या अडचणीतून वाट काढताना फार गुंतागुंत करावी लागे. काम पुढे ढकलायचे, ते होण्याच्या आतच स्टेशन निघून गेले तर ते परत ओढायचे, असे सगळे.

२०१० साली यॉहानेस बर्ग यांनी एसटीए_अ‍ॅड आणि एसटीए_रिमूव्ह ही दोन नवी कॉलबॅक घातली. दोघांनाही झोपण्याची मुभा, आणि अ‍ॅडला नकार देण्याचीही. जुन्याच नावाखाली नवे नियम लिहून भागले असते असे तुम्हाला वाटेल. पण तसे केले असते तर ज्याने जुनी टीप वाचून ड्रायव्हर लिहिला त्याला बदल कळला नसता, आणि नोटिफाय या शब्दाचा नकाराशी काही संबंधही लागला नसता. करार बदलला तेव्हा नाव बदलले, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. एसटीए_नोटिफाय अजून आहे. स्टेशन वीज वाचवण्यासाठी झोपले किंवा जागे झाले एवढेच ते कळवते. त्याला नकार देण्यात काही अर्थच नाही, तेव्हा नाव आता त्याला बरोबर बसते. पुढे २०१२ साली एसटीए_स्टेट आले. स्टेशन ‘अस्तित्वात नाही’ पासून ‘पूर्ण अधिकृत’ पर्यंत एकेक पायरी कशी चढते हे ते सांगते. चढताना ड्रायव्हर नकार देऊ शकतो, उतरताना नाही. मेलेल्या नोंदीला काढून टाकायला कोणी नाही म्हणू लागला तर कारभार चालणार कसा?

फंक्शनने परत काय द्यायचे तेही टिपेत लिहावे लागते. एचडब्ल्यू_स्कॅन हे कॉलबॅक चिपला जवळपासची जाळी हुडकायला सांगते. ऋण आकडा परत आला तर चूक झाली, शून्य आला तर काम सुरू झाले, हा कर्नेलमधील नेहमीचा संकेत. पण येथे १ हा आकडाही परत देता येतो. त्याचा अर्थ, “चिपकडून आत्ता हुडकणे सोयीचे नाही, तुम्हीच आज्ञावलीने हुडका.” हा अर्थ नावातून किंवा आकड्यातून कोणालाही ओळखता येणार नाही. तो लिहून ठेवला नसता तर दुसऱ्या कोणी १ चा अर्थ निराळाच केला असता. याच टिपेत पुढे म्हटले आहे की काम संपल्यावर, मध्येच बिनसले तरीसुद्धा, ड्रायव्हरने ‘स्कॅन संपला’ हे कळवलेच पाहिजे. अपवाद एकच: आधीच ऋण आकडा देऊन नकार दिला असेल तर. ते न कळवणारा ड्रायव्हर मॅक८०२११ ला कायमचा ताटकळत ठेवतो.

याच्या उलट टीएक्स. पूर्वी ते “सध्या जागा नाही” असे उत्तर परत देऊ शकत असे. २०११ साली ते उत्तरच काढून टाकले. आता टीएक्स काहीच परत देत नाही. जागा संपत आली की ड्रायव्हरने रांग आधीच थांबवावी, हा टिपेतला सल्ला फंक्शनच्या घडणीतच बसवला गेला. टीप वाचली नाही तरी चूक करता येणार नाही, अशी सोय झाली तर ती टिपेपेक्षा बरी.

ड्रायव्हर ज्या हाका उलट मॅक८०२११ ला मारतो त्यांच्या नावांतही हा विचार दिसतो. आलेली फ्रेम वर देण्यासाठीची तीन फंक्शने पाहू. एकाचे नाव आरएक्स असे संपते, दुसऱ्याचे आरएक्स_आयआरक्यूसेफ आणि तिसऱ्याचे आरएक्स_एनआय. आयआरक्यूसेफ म्हणजे चिपचा तातडीचा इशारा हाताळत असतानाही हाक मारायला सुरक्षित. हे नाव उत्तम आहे. एनआय हे मला पसंत नाही. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते कळते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला नावाची गरजच काय? ते इशाऱ्याच्या बाहेर, साध्या परिस्थितीत मारायच्या हाकेसाठी आहे. एकाच उपकरणासाठी या तिघांची सरमिसळ करू नये, हेसुद्धा टिपेवाचून कळण्यासारखे नाही.

या टिपा लिहिण्याची लिनक्समध्ये ठरलेली पद्धत आहे. तिला कर्नेल-डॉक म्हणतात. सी भाषेत एक तिरकी रेघ आणि एक तारा आला की शेरा सुरू होतो. दोन तारे आले तर तो शेरा कर्नेल-डॉकचा समजायचा. आपल्या शाळेतल्या घंटेसाठी तो असा लिहिता येईल:

/**
 * घंटा_वाजव() - तास संपल्याची घंटा वाजवते
 * @टोले: किती टोले द्यायचे; १ पेक्षा कमी नकोत
 * @घाई: आपत्तीची घंटा असेल तर १, एरवी ०
 *
 * पहिला वर्ग भरल्यानंतरच हाक मारावी. परीक्षा चालू
 * असताना फक्त आपत्तीची घंटा वाजते.
 *
 * संदर्भ: दोर मोकळा होईपर्यंत थांबावे लागू शकते.
 * परत: ०, घंटा जागेवर नसल्यास ऋण आकडा.
 */

येथे काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही ते नीट पाहा. दोर कोणत्या हाताने ओढायचा, मध्ये किती मोजायचे, हे नाही. ते आतल्या आज्ञांत दिसतेच. टिपेत हाक मारणाऱ्याला आणि हाक झेलणाऱ्याला लागणारे तेवढेच हवे. केव्हा, काय देऊन, थांबता येईल का, आणि उत्तर काय मिळेल. कॉलबॅकची टीप तर दुप्पट काळजीने लिहावी लागते, कारण तिचे वाचक दोन आहेत. एक आज हाक मारणारा, आणि दुसरा उद्या कुठल्या तरी नव्या चिपसाठी फंक्शन लिहिणारा. या दोघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही.

टिपेचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. आज्ञा बदलतात आणि टीप तशीच राहते. कर्नेल-डॉक वाचणारी आज्ञावली @ या चिन्हापुढची नावे आणि फंक्शनची खरी नावे ताडून पाहते व एखादे राहून गेले तर कुरकुर करते. पण लिहिलेले खरे आहे की खोटे हे तिला कळत नाही. म्हणून मॅक८०२११ मध्ये काही टिपांना पहारेकरीही नेमले आहेत. स्टार्टची हाक थेट मारली जात नाही, डीआरव्ही_स्टार्ट नावाच्या मधल्या फंक्शनमार्फत मारली जाते, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत ‘माइट_स्लीप’ म्हणजे ‘येथे झोप लागू शकते’ अशी खूण असते. तपासणीसाठी बांधलेल्या कर्नेलमध्ये कोणी अखंड अवस्थेत असताना ही हाक मारली तर ड्रायव्हर प्रत्यक्षात झोपो वा न झोपो, लगेच इशारा छापला जातो. तसेच नवा ड्रायव्हर दाखल होताना टीएक्स, स्टार्ट, स्टॉप, कॉन्फिग अशा आवश्यक नावांपुढचा रकाना रिकामा असेल तर त्याला दारातूनच परत पाठवतात. इतर बरेच रकाने रिकामे ठेवले तरी चालतात. तेथे हाकच मारली जात नाही.

शाळेच्या संगणक-कक्षात लिनक्स असेल आणि संगणकाची जबाबदारी असलेले शिक्षक सोबत असतील तर हे सर्व वाय-फायच्या चिपेशिवायही पाहता येते. मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचा एक लुटुपुटीचा ड्रायव्हर बहुतेक लिनक्स-संचांत मिळतो. तो चालू केला की संगणकाला दोन खोटे रेडिओ फुटतात आणि ते एकमेकांशी हवेविना बोलू लागतात. त्याच्या आज्ञा खुल्या आहेत. फाइलमध्ये तक्ता सापडेल. त्यातील डाव्या रकान्यातील नाव घ्यावे, त्याची टीप मॅक८०२११ च्या शीर्ष-फाइलीत शोधावी, आणि मग उजवीकडचे फंक्शन वाचून टीप पाळली आहे की नाही ते तपासावे. सुरुवात स्टॉपपासून करावी. ड्रायव्हरने पुढे करण्यासाठी राखून ठेवलेली कामे तेथे रद्द केली पाहिजेत असे टीप सांगते. ती रद्द झाली नाहीत आणि उपकरण खेचून काढले, तर ज्या स्मृतीत काही उरलेले नाही तेथे ती कामे हात घालतात.